रविवारी गुडघे टेकायचे नाहीत

"आज कोणी गुडघे टेकायचे नाहीत," पाळकांनी सांगितलं आणि सगळं चर्च गोंधळलं. वर्षानुवर्षांची सवय. निम्मी माणसं वाकायला लागलीच होती, ती तशीच अर्ध्यावर अडकली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. शेवटच्या बाकापाशी मावशी मात्र केव्हाच खाली टेकली होती. ती काही उठली नाही.

मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं ती मळक्या चादरी निवडत होती. रक्ताच्या वेगळ्या, औषधाच्या वेगळ्या, नुसत्या घामाच्या वेगळ्या. काम फरशीवर गुडघे टेकून करायचं. गुडघ्यांना असे घट्टे पडले होते की सून म्हणायची, "आई, तुम्हाला चपला पायांत नको, गुडघ्यांना हव्यात."

नवे पाळक तरुण होते, पुस्तकी किडे होते, आणि एकदा सुरू झाले की 'आमेन' म्हणायचं विसरत. "पहिल्या शतकांतली आपली माणसं रविवारी उभं राहूनच प्रार्थना करायची," ते सांगत होते. "त्या दिवशी गुडघे टेकायला मनाईच होती. कारण हा उठण्याचा दिवस. ज्याला राज्यकर्त्यांनी गुन्हेगार ठरवून मारलं, त्यालाच देवानं उठवलं. म्हणजे खालचा निकाल वर फिरवला गेला! मग हे खरं मानणारा माणूस, गुलाम असो की धुणी धुणारी बाई, कोणापुढे वाकेल कशाला? मारून टाकण्यापलीकडे कोणी काय करणार? आणि मरणाचे तर दातच पडलेत."

धुण्याचं नाव निघताच दोघीतिघींनी वळून मावशीकडे पाहिलं. मावशीनं डोळे आणखी घट्ट मिटले. पुढे तीन बाकं सोडून पिळणीवाल्याची बायको उभी होती.

पिळणीवाल्याला जाऊन अकरा दिवस झाले होते. ओल्या चादरी गरगर फिरवून पाणी काढणारं मोठं यंत्र, त्याला सगळे पिळणी म्हणत. पिंप थांबेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून त्याला एक खटका होता. पण थांबायला पाच मिनिटं लागत, आणि वॉर्डांतून चादरींची बोंब. म्हणून मुकादमानं तो खटका तारेनं बांधून टाकला. चारच दिवसांनी फिरत्या पिंपातल्या चादरीनं पिळणीवाल्याचा हात आत ओढला, आणि हातामागोमाग माणूस.

ती तार मावशीनं दिली होती. "मावशी, एक हँगर दे गं," मुकादम म्हणाला आणि तिनं दिला. त्यानं तो सरळ करून बांधला, तेव्हा पिळणीवाला हसून म्हणाला होता, "मावशी, आता चहाला वेळ मिळेल बघ." अपघातानंतर आधी नाहीशी झाली ती तार. संध्याकाळी मुकादम जबानीचा लिहून तयार कागद घेऊन आला. यंत्र ठीक होतं, खटका कामगारानंच मोडला, मी दुसरं काही पाहिलं नाही. मावशीनं सही केली.

प्रार्थना संपल्यावर पाळक तिच्यापाशी आले. "मावशी, पाय दुखतात का? हात देऊ?"

"पायांना काय धाड भरलीय? मी उभं राहण्यातली नाही." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, हँगरपासून सहीपर्यंत.

पाळक तिच्याजवळ खालीच बसले. म्हणाले, "गुरूला पकडलं तेव्हा पेत्रानं तर तीनदा नाकारलं, मी याला ओळखत नाही म्हणून."

"मी एकदाच. पण सही करून."

मग मावशीनं विचारलं, "त्या पहाटे थडग्यावर गेलेल्या बायका होत्या ना, तो उठलाय म्हणून सांगत आलेल्या. त्यांचं ऐकलं कोणी?"

"नाही. शिष्यांनाही ती वायफळ बडबड वाटली."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी पाहिलं होतं, त्यांनी सांगितलं."

मंगळवारी चौकशी होती. सोमवारी सुनेनं जेवताना विषय काढलाच. "आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचे निवृत्तीला सात महिने राहिलेत. ही खोली इस्पितळाची आहे. आणि तार तुम्ही दिली हे तुम्हीच सांगायचं? आपल्याच हातानं पायावर धोंडा?"

"धोंडा पडायचा तेव्हाच पडलाय गं," मावशी म्हणाली. "मी फक्त तो झाकून बसलेय." सून रागानं उठून भांडी घासायला गेली.

चौकशीच्या खोलीत मोठं टेबल होतं, पलीकडे तीन साहेब, भिंतीशी मुकादम, आणि कोपऱ्यात पिळणीवाल्याची बायको. साहेब म्हणाले, "बसा."

"उभी राहते," मावशी म्हणाली, आणि तिनं खटक्याचं सांगितलं.

"पण तुम्ही तर काहीच पाहिलं नव्हतं. ही सही तुमचीच ना?"

"सही माझी. मजकूर खोटा."

"तार कुठून आली?"

"मी दिली, साहेब. मुकादमांनी मागितली, मी दिली. काय होईल याचा विचार केला नाही."

मुकादम हसला. "बघा साहेब, पंधरा दिवसांत दोन जबान्या! बाईला धड आठवत नाही." साहेबांनी मान हलवली. पिळणीवाल्याची बायको मात्र मावशीकडे एकटक बघत होती, आणि बाहेर पडताना तिच्या शेजारून तशीच निघून गेली.

शुक्रवारी निकाल लागला. जबान्यांत मेळ नसल्यानं बाईची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, चूक कामगाराचीच. शेवटी आणखी एक ओळ होती. तार पुरवल्याच्या कबुलीवरून बाईला कामावरून कमी करण्यात येत आहे. सुनेनं कागद दोनदा वाचला. "म्हणजे तुमचं तेवढंच खरं धरलं होय!" ती म्हणाली, आणि सासूला मिठी मारून रडली. महिनाअखेर खोली सोडायची होती.

रविवारी चर्चमध्ये सगळे प्रार्थनेला उभे राहिले. मावशीही राहिली. वाकायची सवय झालेले गुडघे सरळ होईनात. पुढच्या बाकावरून पिळणीवाल्याची बायको मागे आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"चहाचं बोलले होते ना ते, तुमच्याशी?" तिनं हळूच विचारलं. "घरी येऊनही सांगितलं होतं. तार बांधल्याचं सगळं."

मावशीनं मान हलवली. पाळक नेहमीप्रमाणे आमेन विसरले होते. पिळणीवाल्याच्या बायकोनं मावशीच्या कोपराखाली हात घातला.

"अजून बराच वेळ चालेल," ती म्हणाली. "राहाल ना उभ्या?"

"राहते," मावशी म्हणाली.