एका शब्दाच्या पंधरा चिठ्ठ्या

माझी सून नर्स. दोघांनाही न उचलवणारा पेशंट एकटी उठवून बसवील, पण इंग्रजीत बोल म्हटलं की दातखीळ बसते. मोठ्या हॉस्पिटलातल्या नोकरीसाठी तोंडी परीक्षा होती. दोनदा नापास झालेली, आता ही तिसरी आणि शेवटची संधी.

"आई, एका 'रन'चेच पंधरा अर्थ!" वही मिटून ती रडायलाच लागली. "धावणं रन, नळ वाहतो तेही रन, नाक गळतं तेही रन. दुकान चालवा की साबण संपवा, सगळं रनच!"

"मग आपलं 'लागणं' काय कमी आहे?" मी शिलाई मशीन थांबवलं. "भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते. त्यासाठी कधी रडलीस का?"

हसली बया! मी शिवणकामवाली. कुठल्या कपड्याचं काय करायचं त्याची चिठ्ठी त्यालाच टाचून ठेवते, म्हणून विसरत नाही. तोच उपाय केला. तिनं 'रन'चं एकेक इंग्रजी वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, मी ती त्या-त्या वस्तूला लावायची. सर्दी झालेला माझा लेक काही नाकाला चिठ्ठी लावू देईना, म्हणून त्याच्या रुमालाला टाचली. आणि घरालगतच्या माझ्या दुकानातल्या एका लाल झग्याला लावली, 'रंग जातो'ची, तेही रनच.

तिथंच घोळ झाला. झगा चिठ्ठीसकट गिऱ्हाइकाच्या घरी पोचला. दुसऱ्या दिवशी बाई ती चिठ्ठी नाचवत तणतणत आल्या, त्याही इंग्रजीत. मला ओ की ठो कळेना. मी सरळ सुनेला पुढं ढकललं.

आणि काय सांगू! साबणाची, रुमालाची, एकेक चिठ्ठी आणून दाखवत पोरगी बोलत सुटली. अडखळली, चुकली, पण थांबली नाही. बाई पोट धरधरून हसल्या आणि आणखी दोन झगे शिवायला टाकून गेल्या.

परीक्षा देऊन ती थेट दुकानातच आली. "आई, पास!" मी कात्री टाकून तिला मिठी मारली. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू?

"परीक्षकांनी विचारलं, इतकं बोलायला कोणी शिकवलं?" ती डोळे पुसत म्हणाली. "मी सांगितलं, माय मदर."

"अगं वेडे, मदर-इन-लॉ म्हणायचं! मार्क कापले असतील ना!"

"माहीत होतं मला," ती म्हणाली.