कॅलेंडरात न मावलेले पाय

सुरतेत, बमरोलीच्या आमच्या खोलीत ब्याण्णव सालचं कॅलेंडर सहा वर्षं होतं. मी उतरवूच दिलं नाही. त्यावर तिथल्याच धनसुखभाई चित्रकारांचं ‘विसावा’ हे चित्र होतं. सतरंजीवर गाढ झोपलेला लूम कामगार, गुडघ्यापर्यंत दिसणारा. बारा तास लूमवर उभं राहून कापड विणून आलो की मला त्याचा हेवा वाटायचा. झोप लागावी तर अशी, साली!

धनसुखभाई वारल्यावर त्यांच्या घराचं संग्रहालय झालं. सुट्टीच्या दिवशी बायकोला, उषाला, घेऊन गेलो. त्यांचा चष्मा, ब्रश घाईघाईत बघितले आणि थेट ‘विसावा’समोर उभा राहिलो. मूळ चित्र भिंतभर होतं. माणूस पायांसकट होता.

उषाने माझं मनगट धरलं. “अहो, अंगठे बघा.”

पायांचे दोन्ही अंगठे दोऱ्याने एकत्र बांधले होते. मयताचे बांधतात तसे.

उषाने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. तिथला गाईड खूश झाला. “धनसुखभाईंना सगळेच हात जोडतात.”

“त्यांना नाही, या मेलेल्याला!” मी ओरडलो. “नाव काय याचं?”

गाईडने वाकून चित्राखालची पाटी वाचली.

“विसावा.”