शून्य वेगाचे तास

वहिनी ऑफिसात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, पण नणंदेच्या अंगाचा तिळपापड व्हायला तेवढे पुरे होते. सहा वर्षं इथे वाऱ्याच्या आकड्यांत डोकं घालून बसली होती ती! आणि आता? घरात दादा वहिनीचे गोडवे गायचा, ऑफिसात साहेब.

दोघींचं काम एकच. दक्षिण किनाऱ्यावरच्या मनोऱ्याच्या वर्षभराच्या नोंदी नणंदेकडे, उत्तरेकडच्या वहिनीकडे. मनोऱ्यावरच्या गोल फिरणाऱ्या वाट्या वाऱ्याचा वेग मोजायच्या, शेजारचा बाण दिशा दाखवायचा. वर्षभराची सरासरी जिथे जास्त, तिथे पवनचक्क्या, आणि जागा ठरवणाऱ्या समितीपुढे बोलायचा मानही तिथलीचा. वहिनीची सरासरी आली सेकंदाला सात पूर्णांक एक मीटर. नणंदेची सहा पूर्णांक दोन!

नणंदेच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तिने वहिनीची फाइल उघडून ओळ न् ओळ तपासली. आणि सापडलं की! शून्य वेगाचे चारशे तास बाईसाहेबांनी चक्क गाळले होते.

बैठकीत तिने सगळ्यांदेखत तोफ डागली. "साहेब, पडलेला वारा मोजायचाच नाही म्हटलं, तर कुणाचीही सरासरी चढेल! मी एक आकडा गाळलेला नाही."

"वन्सं, पडलेला वारा मीही मोजलाय," वहिनी शांतपणे म्हणाली. "ज्या तासांत वेग शून्य आणि बाण मात्र गरागरा फिरतोय, तेवढेच गाळलेत. वारा नव्हता, तर बाण काय भूत फिरवत होतं? खाऱ्या हवेने वाट्या अडकतात हो. तुमच्या नाही अडकल्या?"

सगळे खो-खो हसले. नणंदेचे कान लाल!

जागेवर येऊन तिने स्वतःचे आकडे पाहिले. बाराशे तास वेग शून्य, आणि बाण फिरतोय. आकड्याला हात लावायचा नाही, या सहा वर्षांच्या ताठ्यापायी तिने अडकलेल्या वाट्यांनाच पडलेला वारा समजलं होतं. गप्प बसावं तर हार. सुधारावं तर वहिनीच्याच रीतीने!

दात-ओठ खात तिने सुधारलं. सात पूर्णांक दोन.

"वा! समितीपुढे तूच बोल," साहेब म्हणाले. "फक्त ही रीत कुणाची, ते अहवालात लिही."

जिंकली होती ती, पण वहिनीच्याच रीतीने! तिने वहिनीचं नाव टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. मग तेवढ्या नावाच्या अक्षरांचा आकार दोन घरं बारीक केला आणि फाइल पाठवून दिली.