किबल्याची बाजू

मन्सूरने स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी आलं नाही. त्याने तो बंद केला आणि पुन्हा एकदा सोडला, जणू पहिल्या वेळी नळाचं लक्ष नव्हतं.

"सर, हा सॅम्पल फ्लॅट आहे ना," राजश्री म्हणाली. बिल्डरच्या ऑफिसातून चावी घेऊन ती त्यांच्याबरोबर तीन मजले चढून आली होती आणि अजून धापा टाकत होती. "याला कनेक्शन नसतं. तुमच्या फ्लॅटला नगरपालिकेचं पाणी असणार, शिवाय बोअर आहे."

"बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं इकडं."

"आपल्याला गोडं लागलंय. खाली गेल्यावर रिपोर्ट दाखवते."

मन्सूरने मान हलवली. पाण्याचा मुद्दा संपला.

त्याची बायको हफीजा ओट्यापाशी उभी होती. तिने दोन्ही तळवे काळ्या ग्रॅनाइटवर टेकवले. कोपरं आपोआप वाकली, खांदे खाली राहिले. पावस गावातल्या घरी ओटा मोठ्या जावेच्या उंचीने बांधलेला होता आणि जाऊ चांगली उंच होती. लग्न झाल्यापासून हफीजाने भाकऱ्या खांदे उचलूनच थापल्या होत्या. संध्याकाळपर्यंत मान आखडायची, ती सगळ्यांना सांगायची की थंडीमुळे. आता तिने हात उचलले, पुन्हा टेकवले. मग कुणी बघत असेल म्हणून ओढणी सारखी केली.

टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं मांडली होती.

"आंब्याच्या तोंडावर रत्नागिरीत सफरचंदं?" मन्सूर म्हणाला.

राजश्री हसली. "मुंबईहून आलीत सर, सोफ्यासकट. मी म्हटलं होतं शेठना, निदान नारळ तरी ठेवा."

दर दोन वर्षांनी मन्सूर सुट्टीवर यायचा आणि ही दोघं घरं बघत फिरायची. तो दुबईत एका बांधकाम कंपनीचा ट्रेलर चालवायचा. सुट्टी दोन वर्षांनी येई, भाव मात्र रोज चढत. नाचणे रोडवरचं घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो म्हणाला होता, पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीला जमवलेले पैसे घेऊन आला तर तेवढ्यात त्याच इमारतीत एक खोली कमी मिळत होती. त्याच्या पुढच्या खेपेला तो म्हणाला, भाव फार फुगलेत, खाली येतील. ते आले नाहीत. दरम्यान मुलगी महरीन मोठी झाली, कॉलेजात गेली. आता ती रोज पहाटेच्या एसटीने पावसहून यायची आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभी राहून राहून परतीच्या गाडीत झोपायची.

घरं बघण्याची मन्सूरची एक पद्धत होती. आधी खिशातून टेप निघे, मग उमऱ्याला गेला तेव्हा मक्केहून आणलेलं हिरवं होकायंत्र. तो आधी संडासात जाई. भांड्याचं तोंड किंवा पाठ किबल्याकडे, म्हणजे नमाजाच्या दिशेला, असेल तर तो फ्लॅट तिथेच बाद. गावात याला होकायंत्र लागत नसे. या किनाऱ्यावर काबा समुद्रापलीकडे, समुद्राकडे तोंड केलं की झालं. पण शहरातल्या इमारतींत समुद्र कुठे ते कळत नाही, म्हणून ते यंत्र. बिल्डरची माणसं बाहेर ताटकळत उभी असायची आणि हफीजाला लाज वाटायची.

या वेळी हा तिसरा फ्लॅट होता. टेप निघाली नव्हती. होकायंत्रही नाही.

"बेडरूम बघू या?" राजश्री म्हणाली.

बेडरूमला बाल्कनी होती. समोरच्या कौलांवरून, माडांच्या शेंड्यांमधून समुद्राची एक पट्टी दिसत होती. मन्सूर कठड्याला हात लावून उभा राहिला.

"पार्किंग?" त्याने विचारलं.

"प्रत्येकाला वेगळं. नंबर टाकून."

"शाळा, कॉलेज लांब पडेल."

"कॉलेज चालत दहा मिनिटं, सर."

"लिफ्टला लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे." राजश्रीला आता हुरूप आला होता. "आणि सर, खरं सांगू? असा भाव परत मिळायचा नाही. गेल्या वर्षी हाच फ्लॅट तुम्हाला मिळाला नसता. मंदी आली ना. आपली निम्मी गिऱ्हाइकं दुबईची. तिकडनं माणसं परत यायला लागली, बुकिंगं रद्द झाली. म्हणून तर शेठनी भाव खाली आणला. ज्याची नोकरी शाबूत आहे त्याच्यासाठी हीच वेळ."

मन्सूर समुद्राकडे बघत राहिला. त्याच्या बोटांनी कठड्यावरचा रंगाचा एक पोपडा शोधला आणि खरवडायला सुरुवात केली. हफीजाने ती बोटं बघितली.

दुबईहून कुणीही उतरला की गावात पहिला प्रश्न एकच असतो. सुट्टी की कॅन्सल? सुट्टीवाला परत जातो. कॅन्सलवाल्याची नोकरी गेलेली असते, व्हिसाही. या वेळी रिक्षातून बॅगा उतरवत असतानाच थोरल्या दिरांनी विचारलं होतं, "काय रे मन्सूर, सुट्टी का कॅन्सल?" आणि मन्सूर हसून म्हणाला होता, "सुट्टी, सुट्टी. कॅन्सल कशाला होतंय?"

दुसऱ्या दिवशी तो नमाजला गेल्यावर कपडे धुवायला काढावेत म्हणून हफीजाने मोठी बॅग उघडली. तळाशी त्याचं कामगारांच्या कॅम्पातलं ब्लँकेट होतं आणि ब्लँकेटात गुंडाळलेला भाताचा छोटा विजेचा कुकर. झाकणाला हळदीचे डाग, बुडाला करपलेलं. इतक्या वर्षांत तिने तो कधी पाहिला नव्हता, फक्त फोनवर ऐकला होता: थांब जरा, कुकर बंद करतो. सुट्टीवर येणारा माणूस कुकर कॅम्पात पलंगाखाली ठेवून येतो. तिने ब्लँकेट होतं तसं गुंडाळलं आणि बॅगेची चेन लावली. कपडे त्याने स्वतःच काढून देईपर्यंत ती थांबली.

"सर, मी शेठना फोन करू?" राजश्रीने मोबाइल काढलाच होता. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. रजिस्ट्रेशनचा खर्च आपण घालू म्हणतील. तुम्ही आज फक्त टोकन द्या. बाकीचं पाडव्यापर्यंत."

"अगो, थांब."

"एक मिनिट सर... हॅलो, शेठ? दुबईचे सर आलेत. हो, तिसऱ्या मजल्यावरचा. आवडलाय त्यांना."

मन्सूरने हफीजाकडे बघितलं. तो काही विचारत नव्हता. भरतीच्या वेळी किनाऱ्याच्या पुळणीत चाक रुतलेल्या गाडीकडे माणूस बघतो तसा तो बघत होता. मग त्याने नजर खाली नेली आणि रुमालाने कपाळ पुसलं. आत वारा चांगला येत होता.

"शेठ हो म्हणाले!" राजश्रीने फोन बंद केला. "रजिस्ट्रेशन आपलं. आता बोला सर, काय अडचण?"

खाली कुठे तरी फरशी कापायचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं.

"ते किबल्याचं द्या बघू," हफीजा म्हणाली.

मन्सूरला क्षणभर कळलं नाही.

"होकायंत्र. खिशात आहे ना?"

त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा. होतं. सवयीने ठेवलेलं. तिने ते घेतलं आणि संडासाचं दार उघडून आत गेली. दार तिने लोटून घेतलं.

आत अंधुक होतं. भांड्यावर प्लास्टिक चिकटवलेलं होतं. हफीजाने होकायंत्र तळहातावर आडवं धरलं. काटा थरथरला, फिरला, थांबला. भांडं बरोबर उत्तर-दक्षिण, किबल्याला आडवं होतं. बांधणाऱ्याने विचार करून बसवलं होतं. तिने काट्याकडे पुन्हा बघितलं. मग पांढऱ्या टाइल्सकडे, कोपऱ्यातल्या साबणाच्या कोनाड्याकडे. कोनाडा तिच्या हाताला सहज पोचेल असा होता. तिने हात लांबवून तो एकदा पुसला. धूळ नव्हतीच.

ती बाहेर आली.

"तोंड किबल्याकडे आहे," ती म्हणाली.

राजश्रीचा चेहरा उतरला. "असं कसं? शेठनी मुद्दाम... थांबा, भांडं फिरवून देता येईल का विचारते."

"स्लॅब घालून झालाय. आता पाइप कुठं फिरवणार? नको गो पोरी. आमच्यात नाय चालत."

मन्सूर बाल्कनीच्या दारात उभा होता. त्याने समोरच्या समुद्राकडे बघितलं. मग मान वळवून संडासाच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या भांड्याकडे, जे समुद्राच्या काटकोनात होतं. मग हफीजाच्या मुठीकडे. मूठ बंद होती.

त्याने हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"होय," तो म्हणाला. "मग नाय जमणार."

"काकी, तरी पाडव्यापर्यंत विचार करा हां." राजश्री सर-मॅडम विसरली होती. तिने पत्रक पुढे केलं. हफीजाने ते घेतलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं. निघताना ती स्वयंपाकघराच्या दारातून गेली, पण आत तिने बघितलं नाही.

जिना उतरताना मन्सूर पुढे होता. रस्त्यावर ऊन कडक होतं. दोघं मारुती मंदिराच्या स्टॉपकडे चालली. वाटेत एक इलेक्ट्रिकचं दुकान लागलं. दारात पंख्याची खोकी रचलेली, वर वायरींची वेटोळी. हफीजा थांबली.

"त्या कुकरची पिन चौकोनी आहे," ती म्हणाली. "इथल्या बोर्डात बसायची नाय. बदलून घ्यायला हवी."

मन्सूर दोन पावलं पुढे गेला होता. तो तिथेच उभा राहिला. पाठमोरा. पावसची एसटी आली, माणसं चढली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि गाडी गेली. मग तो वळला, तिच्या अंगावरून जाऊन दुकानाची पायरी चढला. काउंटरवर हात ठेवून त्याने मागे न बघताच विचारलं,

"मोठी घेऊ की छोटी?"

"छोटी," हफीजा म्हणाली. "आपल्या खोलीत छोटाच बोर्ड आहे."