बाखची बारावी वही

नर्सने तिसऱ्यांदा डोळ्यांत थेंब टाकले आणि नाथाभाऊ केणेंना समोरचं घड्याळ दिसेनासं झालं.

"अहो, हात किती गार पडलेत तुमचे!" बायको, शालन, म्हणाली. "दहा मिनिटांचं तर काम. शेजारच्या आवडाबाईने दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आता मस्त मासळी विकतेय आंबिवलीला."

आवडाबाईला काय जातंय? तिने बाख कुठे वाचलाय!

नाथाभाऊ खोपट एसटी डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होते. एसटीत विसरलेली एक कॅसेट न्यायला वर्षभर कुणी आलं नाही, म्हणून त्यांनी ती लावून पाहिली, आणि हा जर्मन संगीतकार त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. बावीस वर्षं शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली, एकेका रचनेवर टिपणं काढली, मराठीत चरित्र लिहायला घेतलं. अकरा वह्या भरल्या. बाराव्या वहीशी मात्र गाडी अडली, कारण तिथे बाखचे डोळे होते. दोनदा शस्त्रक्रिया झाली, दृष्टी गेली, आणि चार महिन्यांत माणूसही गेला. गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वीची, पण भलत्या माणसाने वाचली होती. चार वर्षं ते मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलत होते. शेवटी आज मुलीने, मेघालीने, रिक्षात घालून आणलं आणि ती खाली औषधं आणायला गेली.

"शालन, पिशवीतली वही काढ. मी सांगतो, तू लिही."

"इथे? आत्ता?"

"नंतर दिसलंच नाही तर? बावीस वर्षं फुकट जातील गं माझी."

बाखला इतकी वर्षं 'तुमचा तो पाहुणा' म्हणणाऱ्या शालनने वही काढून चष्मा लावला. सातवीपर्यंतचं अक्षर, सावकाश चाललेलं. ते सांगत गेले, तो फिरता इंग्रज डोळेवैद्य, ते दुखणं, तो अंधार. मध्येच ती म्हणाली, "बिचाऱ्याची बायको काय करत असेल हो?"

"तीही त्याचं संगीत उतरवून काढायची. लिही, अठ्ठावीस जुलैच्या संध्याकाळी तो..."

"नाथा केणे! चला काका," नर्सने हाक मारली.

"लिहिलंस? पुढे 'मरण पावला' लिही. झालं पुस्तक."

शालनने पेनाला टोपण लावलं. "नाही लिहायची."

"अगं, दोनच शब्द!"

"इतकी वर्षं झाली ना त्याला मरून? मग अजून अर्धा तास जगू दे. तुम्ही बाहेर या, स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहा."

नाथाभाऊंना हसू आलं. डोक्यावरची हिरवी टोपी चाचपत, नर्सचा हात घट्ट धरून ते आत गेले. दार लागलं.

शालन 'संध्याकाळी तो' या शब्दांवर बोट ठेवून बसली. मेघालीने वर येऊन तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार.