उलट्या होडीचं छत

मिथुनने चहाला हात लावला नाही, तेव्हाच वैदेहीने ओळखलं की हा आज भाऊ म्हणून आलेला नाही. चुलत असला तरी तो याच घरात लहानाचा मोठा झाला होता. सीवूड्सच्या या फ्लॅटची बेल त्याने आजवर कधी वाजवली नव्हती. "काकी, काय केलंय?" असं विचारत तो थेट स्वयंपाकघरात शिरायचा. आज त्याने बेल वाजवली आणि पाहुण्यासारखा सोफ्याच्या कडेवर टेकला.

"ताई, अहवालाच्या शेवटच्या पानावर सही कर. आज मेल करायचंय."

"वाचते आधी."

"वाचायचं काय त्यात? फर्ममधली नानांची भागीदारी तुझ्या नावावर आली म्हणून फक्त सही. नायतर तुला त्रास दिलाच नसता."

"मग दे थोडा त्रास," वैदेही म्हणाली आणि वाचायला लागली.

नाना म्हणजे वैदेहीचे बाबा, रामचंद्र. ते गणपतीत गेले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि संपलं. वैदेही रडली नाही असं नातेवाईक आपापसात बोलले, आणि ते खरंही होतं. खारघरच्या कॉलेजात शिकवून ती घरी यायची आणि जेवण होईपर्यंत, जेवणानंतर, डोळे दुखेपर्यंत वाचत बसायची.

बाबा दिवाळे कोळीवाड्यातल्या, होड्या बांधणाऱ्या घरातले. शिकून आर्किटेक्ट झाले, जुन्या चर्चच्या दुरुस्तीत त्यांनी नाव काढलं, आणि साठी ओलांडल्यावर त्यांना थेट कॅरिबियन समुद्रातल्या सेंट ओडील नावाच्या बेटावरून बोलावणं आलं. तिथली चार कॅथलिक चर्च पडायला आली होती. फ्रेंचांच्या काळातली ही चर्च. पुढे बेट इंग्रजांनी घेतलं. त्यांचा पंथ वेगळा, म्हणून कॅथलिकांना कित्येक वर्षं घंटासुद्धा वाजवू दिली नाही. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, चुना शंखशिंपले भाजून केलेला. ते दगड समुद्रातून काढून डोक्यावरून वाहून आणले उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांनी, आणि दारावरच्या पाटीवर नाव लागलं पाद्र्याचं. मग एका मोठ्या वादळात छपरं उडाली. तेव्हा बेटावर घरं बांधणारे सुतार उरले नव्हते, जहाजं बांधणारे होते. त्यांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. होडी बांधली आणि ती भिंतींवर उलटी ठेवली. वर पाण्यापावसासाठी लाकडी कौलं, आणि त्यांच्या खाली हे बाकदार फळ्यांचं छत.

बाबांनी मान वर करून ते छत पहिल्यांदा पाहिलं आणि तिथूनच घरी फोन लावला. "वैदू, अगं ही तर आपली होडी आहे! आजोबांनी बांधलेली वाटते."

फळ्याफळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या. लाकूड वयाने आकसलं असं बाबांनी ठरवलं. त्यांनी इथून काथ्या आणि राळ मागवली, आजोबा होडीच्या फटी भरायचे तशी एकेक फट ठासून भरून घेतली, वरून तेल दिलं. चारही चर्चची छतं थेंब शिरणार नाही अशी घट्ट झाली. दुसऱ्या वर्षी वैदेही तिथे गेली, तेव्हा त्यांनी तिला खांद्याला धरून मधोमध उभं केलं होतं आणि वर बघ म्हणाले होते. तसा आनंद तिने त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता. दिवाळ्याच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये त्या छताचा मोठा फोटो लागला. होडीवाल्याच्या पोराने साहेबाचं देऊळ सावरलं, असं कोळीवाडा सांगत फिरला.

जानेवारीत त्या चारपैकी सेंट ॲनच्या चर्चचं छत पडलं. मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपून लोक बाहेर गेले होते म्हणून कुणी सापडलं नाही. वैदेहीला एवढंच माहीत होतं. वादळी वाऱ्याने पडलं, असं मिथुनने सांगितलं होतं.

हातातला अहवाल मात्र वेगळंच सांगत होता. स्थानिक सुतारांनी अर्धवट वाळलेलं लाकूड वापरलं, आराखड्यात दोष नाही, असं त्यात लिहिलं होतं. सुतारांची नावंही होती. क्लेमंट आडनावाचे तिघे भाऊ.

"ह्यांचं काय झालं?"

"कोणाचं?"

"क्लेमंट भावांचं."

"फेब्रुवारीतच कामावरून काढलं त्यांना. आपण पहिलं मेल टाकलं तेव्हा." मिथुनने खिडकीकडे पाहिलं. "हे फायनल आहे. हे गेलं की फाइल बंद."

"फोटो दाखव."

"ताई, टेन्शन कशाला घेतेस?"

"मिथुन, फोटो."

त्याने मोबाइल पुढे केला. खाली पडलेल्या फळ्यांचे ते फोटो होते. वैदेहीने एकेक मोठा करून पाहिला. खालची बाजू स्वच्छ होती. वरची बाजू काळी पडून भिजलेल्या पावासारखी भुसभुशीत झाली होती. आणि दोन कुजक्या फळ्यांच्या मध्ये बाबांचा काथ्या तसाच होता, पहिल्या दिवसासारखा घट्ट.

तिने मोबाइल टीपॉयवर ठेवला.

"लाकूड ओलं असतं तर वाळताना आकसलं असतं," ती म्हणाली. "फटी रुंद झाल्या असत्या आणि काथ्या गळून पडला असता. तो हललेलासुद्धा नाही. लाकूडच त्याच्या आजूबाजूला संपलंय."

"तू पुस्तकं वाचतेस. मी साइटवर असतो."

"होतास ना साइटवर? मग सांग. कौलातून झिरपलेलं पाणी पूर्वी फटीतून खाली ठिबकायचं, वारा लागून लाकूड वाळायचं. आता ते वरच्या वर साचून राहिलं. लाकूड आकसल्यामुळे फटी पडल्याच नव्हत्या, त्या मुद्दाम ठेवल्या होत्या. होडीत पाणी येऊ द्यायचं नसतं, पण छतातून ते जाऊ द्यायला हवं. बाबांना होडी दिसली. छत दिसलंच नाही."

मिथुनने मोबाइल उचलून खिशात टाकला. "मला पहिल्या फोटोतच कळलं होतं. तुला काय वाटतं, तुलाच अक्कल आहे?"

"आणि तरी हे लिहिलंस."

"हो, लिहिलं! माझा बाप दारूत गेला तेव्हा मला कोणी उचललं? नानांनी. माझी फी, माझं कॉलेज, सगळं नानांनी केलं. आणि मी जगाला सांगू की नाना चुकले? उत्तर द्यायला ते आहेत का? मेलेल्या माणसावर ढकलायचं?"

"जिवंत माणसांवर ढकललंस, ते चाललं?"

"ते कोण लागतात आपले?"

वैदेहीने अहवाल मिटून टीपॉयवर ठेवला. "बाकी तीन छतं तशीच भरलेली आहेत, मिथुन. जूनपासून त्यांच्याकडे वादळं सुरू होतात. त्या छतांखाली माणसं बसतात."

"मी हळूच कळवणार होतो, रूटीन तपासणी म्हणून. पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर?"

स्वयंपाकघरात आई जवळा निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मिथुन तिच्याकडे वळला. "काकी, तुम्ही तरी सांगा हिला."

"मला मध्ये घेऊ नका," आई म्हणाली, आणि मान वर न करता निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी गोजराआत्या आली. मिथुनने तिला काय सांगितलं होतं ते तिने चप्पल काढायच्या आधीच कळवलं.

"काय गो, मेल्या मान्साला फाशी देतंस काय? माजा भाव जाऊन वरीस नाय झाला अजून!"

"बस ना आत्या. पाणी देते."

"पानी नको तुजा. हॉलान त्याच्या छताचा फोटो हाय, तो काय उतरवू? गावाला काय सांगू, आमची पोर शिकली नि बापाचा नाव बुडवला?"

"आत्या, ते छत परत पडेल. खाली माणसं असतील."

"ती मान्सा तुजी कोन?"

"बाबांना दोन वर्षं जेवायला घालत होती ती."

आत्याने पदर खोचला. "शिकलेल्या पोरीशी कोन बोलेल! पन आयक, हे केलास ना, तर दिवाल्यात पाऊल टाकू नको. माज्या मयतीलाबी येव नको." आणि ती पाणी न घेता गेली. आईने तिला दारापर्यंत सोडलं, पण थांब म्हटलं नाही.

वैदेहीने त्याच संध्याकाळी बेटावरच्या फादर लुसियनना फोन लावला. बाबा त्यांच्याबद्दल फार प्रेमाने बोलायचे. फादरच्या आवाजात आज तसा ओलावा नव्हता. तिने न थांबता सगळं सांगितलं.

"तुमच्या ऑफिसने आम्हाला एक गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "आज तुम्ही दुसरी सांगताय. तिसरी कधी येणार आहे?"

"तिसरी नाही. मी लिहून पाठवते."

"लिहिलेलं बिशपच्या ऑफिसात वाचतील. क्लेमंटच्या घरावर दगड पडला, तो मारणाऱ्याने काही वाचलं नव्हतं. त्याने ऐकलं होतं. सुतारांचा दोष आहे असं मी सांगितलं आणि चर्चमध्ये बसून त्याने ऐकलं. माझी चूक मी कबूल करीन. तुमची तुम्ही करा. रविवारी मिसा झाली की सगळ्यांसमोर, स्क्रीनवर."

"कुठे भरते हल्ली मिसा?"

"सेंट मार्थामध्ये. दुसरं कुठे भरणार?"

सेंट मार्थाचं छत बाबांनी सगळ्यात शेवटी भरलं होतं, सगळ्यात मन लावून. वैदेही खुर्चीवरून उठली. "फादर, आत बसू नका. मी हात जोडते. मला वाटेल ते बोला, पण लोकांना आत बसवू नका."

"अंगणात घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी तिथली सकाळ आणि इथली संध्याकाळ. वैदेहीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आई आपल्या खोलीत गेली. मिथुन न बोलावता आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, शेवटचं सांगतो. बोललीस तर उद्यापासून ऑफिसात मी नाही. फर्म बुडेल ती तुझ्या हाताने."

"बरं."

"बरं काय? नानांनी आयुष्य घातलं त्यात!"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि कॅमेरा सुरू केला.

समोर अंगणातली माणसं दिसली. खुर्च्या, रविवारचे कपडे, उन्हासाठी धरलेल्या छत्र्या. पुढच्या रांगेत तिघे पुरुष खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. फादरनी तिचं नाव सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी मान हलवली नाही.

वैदेहीने काही लिहून आणलं नव्हतं. "माझे वडील रामचंद्र तुमच्याकडे काम करत होते," ती इंग्रजीत म्हणाली. "सेंट ॲनचं छत त्यांच्या चुकीने पडलं. फटी बंद करायला नको होत्या, त्यांनी बंद करायला लावल्या. क्लेमंट भावांनी सांगितलं तसंच काम केलं. लाकूड चांगलं होतं. हे कळल्यावरही आमच्या ऑफिसने खोटं लिहिलं." तिचा आवाज नेहमीचा होता, वर्गात असतो तसा. "इथल्या छतालाही तेच झालं असेल. ते उघडा. आत जाऊ नका."

दारात मिथुनने हुंदका दिला, की शिवी, तिला कळलं नाही. लिफ्टचा दरवाजा आपटला.

मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. "तो माझ्या घरी जेवायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, तुमच्या जुन्या माणसांनी घाईत काम केलं, फटी राहून गेल्या. माझ्या टेबलावर बसून म्हणायचा. आणि आम्ही हो म्हणायचो. आम्हाला वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असणार."

बाबा घरीही हेच म्हणायचे. कौतुकाने, हसत. वैदेहीला ते हसणं जसंच्या तसं ऐकू आलं.

"तेही चूक होतं," ती म्हणाली. "घाई त्यांनी केली नव्हती."

म्हातारी खाली बसली नाही. तशीच स्क्रीनकडे पाहत उभी राहिली, आणि त्या नजरेत माफी नव्हती. मग पुढच्या रांगेतला थोरला क्लेमंट उठला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत त्याने विचारलं, "वरून उघडू की खालून?"

हा प्रश्न बाबांचा होता. उत्तरासाठी वळून त्यांच्याकडे पाहावं, असं तिच्या मानेला वाटून गेलं.

"मला माहीत नाही," वैदेही म्हणाली. "तुम्ही ठरवा."

तो भावांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. तिघेही चालायला लागले. फादरनी काही न सांगता आपला लॅपटॉप कुणाच्या तरी हातात दिला आणि तेही मागोमाग गेले. तो कुणीतरी गवतावर ठेवला असावा, कारण आता स्क्रीनवर फक्त खुर्च्यांचे पाय आणि जाणारी पावलं दिसत होती. कॉल बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. वैदेहीनेही केला नाही.

दगडी जमिनीवरून शिडी ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडून बायकांना मागे व्हायला सांगितलं. मग ठोक्यांचा आवाज, एक थांबून दुसरा, आणि लाकूड सुटल्याची लांबलचक करकर.

आई खोलीतून बाहेर आली होती. ती खुर्ची ओढून वैदेहीच्या शेजारी बसली.

"पडलं काय गं?"

"नाही आई. फळी काढली."

"कशी आहे?"

वैदेहीने कान दिला. तिकडे सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यात एक आवाज पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होता.

"काळी आहे," ती म्हणाली, आणि गणपतीनंतर पहिल्यांदा तिने आईचा पदर ओढून डोळ्यांना लावला.