दोन जागांची मोटार

लातुरात अवधूत वकिलाची ओळख दोन गोष्टींवरून होती आणि त्या दोन गोष्टींचं एकमेकींशी काडीचं जमत नव्हतं. एक होती लालभडक, बसकी, बिनटपाची मोटार. शर्यतीत पळवतात तसली! तिच्यात माणसं बसायची फक्त दोन. दुसरी होती सारखी चेन उतरणारी काळी सायकल. मोटार गोठ्यात ताडपत्रीखाली झोपलेली, आणि वकीलसाहेब शेरवानीचे पल्ले मांडीखाली दाबून, एका हातानं टोपी सांभाळत सायकलवरून कोर्टात चाललेले!

“काय वकीलसाब, आज पण घोडी बीमार?” कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा.

“पेट्रोल कुठंय बाबा, लढाई चाललीय,” अवधूत रोज तेच सांगायचा आणि जोरात पॅडल मारायचा.

तसं ते खोटं नव्हतं. पेट्रोल कुपनावर मिळायचं, लहान बाळाला औषध पाजावं तसं थेंबथेंब. पण अवधूत ते थेंब खर्चतच नव्हता. गोठ्यातल्या डब्यात साठवत होता. नांदेडला जाऊन परत येण्यापुरतं साठलं, की प्रेमलाला आणायचं होतं.

प्रेमला म्हणजे त्याची बायको. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण लग्नात ती चौदाची आणि हा हैदराबादेत वकिलीचा अभ्यास करणारा. त्यामुळे ती नांदेडला माहेरीच राहिली होती. अवधूतला आईबाप नव्हते. अहमदपूरच्या शेषेरावकाकांनी त्याला वाढवलं होतं. परीक्षा पास झाल्यावर काकांनी त्याच्या वाट्याचं रान त्याच्या नावावर करून दिलं. आणि ह्या पठ्ठ्यानं काय करावं? रान विकलं आणि सिकंदराबादेत लढाईवर निघालेल्या एका गोऱ्या कप्तानाची मोटार घेतली!

“रान देऊन पत्रा आणलास?” काका म्हणाले. “पुन्हा ह्या उंबऱ्याला पाय लावू नको.”

तेव्हापासून अवधूतला आपलं म्हणावं असं कुणीच उरलं नाही. लातुरातल्या घरात एक शेगडी, एक ताट, एक वाटी. दाराला त्यानंच घातलेलं कुलूप असायचं, तरी संध्याकाळी गल्लीत शिरला की तो सायकलची घंटी वाजवायचा. आत ऐकायला कोण होतं? पण वाजवायचा. सुट्टीच्या दिवशी ताडपत्री काढून मोटारीत नुसताच बसायचा. शेजारची रिकामी जागा फडक्यानं पुसायचा. धुळीचे दोन चष्मे त्यानं आणून ठेवले होते, रबरी पट्ट्याचे, एकसारखे. एक स्वतःचा. दुसरा कुणाचा ते सांगायला नकोच.

डबा भरला. आखाड लागण्याआधीचा मुहूर्त धरून अवधूत निघाला. वाटेत अहमदपूर आलं. काकांच्या दारासमोर त्याचा हात रबरी भोंग्यावर गेला आणि तसाच मागं आला. ओसरीवर कुणीतरी होतं, पण अवधूतनं मान वळवून पाहिलं नाही.

नांदेडात मात्र सारी गल्ली मोटारीभोवती लोटली. सासरे दत्तोपंत कौतुकानं बाहेर आले, मोटारीला एक फेरी घातली आणि थबकले.

“जावईबापू, मागची जागा कुठंय?”

“मागं जागा नाही मामा. दोघांचीच आहे.”

“मग पाठराखीण कुठं बसायची?”

अवधूत दुसऱ्या जागेकडं बघत राहिला. मुलगी पहिल्यांदा सासरी नांदायला निघते तेव्हा सोबत पाठराखीण जाते, महिनाभर राहते आणि तिला रुळवून परत येते. हे कुणाला ठाऊक नसतं? पोरंसोरंही सांगतील. पण ज्याच्या घरात बाईमाणूसच नाही त्याला आठवण कोण करून देणार? मोटार घेताना त्यानं दोनच माणसं मोजली होती.

पाठराखीण ठरल्या होत्या प्रेमलाच्या आत्या, नीलाबाई. चांगल्या भरभक्कम. त्यांनी पदर खोचून मोटारीत डोकावलं. “अगंबाई, हे तर घमेलं हाय! ह्याच्यात मी काय मांडी घालून दोघांच्या डोक्यावर बसू?”

गल्ली खदखदून हसली. दाराआड बांगड्या वाजल्या. प्रेमलाही हसली की काय, अवधूतला कळेना.

“मी दोन खेपा करतो,” तो म्हणाला, पण तेवढं पेट्रोल नव्हतं आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

दत्तोपंतांनी निकाल दिला. “पोरगी आणि आत्या सर्व्हिस मोटारीनं येतील. तुम्ही या मागून.”

अशी ती वरात निघाली. पुढं उतारूंनी भरलेली, पेट्रोलऐवजी कोळशाच्या भट्टीवर चालणारी सर्व्हिस मोटार, खोकत, धूर सोडत. मागं वाऱ्यासारखी पळणारी लाल मोटार, पण बैलाच्या चालीनं. ज्या जागेवर प्रेमला बसणार होती तिथं आता तिचा चष्मा बसला होता. लोहा गावापुढं अवधूतला राहवेना. त्यानं सर्व्हिसला मागं टाकलं, दोन-तीन मैल भरधाव गेला, आणि एकदम वाटलं, कुणासाठी पळतोय मी? सर्व्हिस बंद पडून प्रेमला मागंच राहिली तर? लगेच उलटा फिरला. असं त्यानं तीनदा केलं. जाताना एकटा, येताना एकटा. रानातली माणसं कामं सोडून बघत राहिली.

अहमदपूरला सर्व्हिस थांबली. नीलाबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. त्यांच्या मागं प्रेमला उभी, धुरानं डोळे लाल झालेली. अवधूत चष्मा घेऊन पुढं झाला खरा, पण तो तसाच हातात धरून उभा राहिला.

“आत्या,” प्रेमला हळूच म्हणाली, “विचारा ना, रोज कोर्टात ह्याच गाडीतून जातात का?”

नीलाबाईंनी मान वळवली. “काय हो जावईबापू, पोरगी विचारून राहिली, रोज ह्याच्यातून जाता?”

“सायकलवर जातो.”

“सायकलवर! मग हे धूड कशाला पोसलंय?”

अवधूत खाली बघत म्हणाला, “हिला आणायला.”

नीलाबाईंची बशी ओठाशीच राहिली. प्रेमलानं आत्याच्या खांद्यावरून हात पुढं केला, चष्मा घेतला आणि सर्व्हिसमध्ये जाऊन बसली.

सर्व्हिस निघाली. थोड्या वेळानं खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर मोठाला गोल चष्मा! ते डोकं मागं बघत होतं. आत कुणीतरी त्याला ओढायचं, ते परत बाहेर यायचं. अवधूत आता पुढं गेला नाही. धूर खात मागंमागंच राहिला.

चाकूर मागं पडलं आणि लाल मोटारीनं दोन उचक्या दिल्या. थांबली ती थांबलीच. तीन उलट्या फेऱ्यांत पेट्रोल संपलं होतं. अवधूत स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला. समोर सर्व्हिस लहान लहान होत चालली. चष्मा दिसेनासा झाला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, माणूस नाही, पाखरू नाही. आता अंधार पडेतो इथंच बसायचं. ती लातुरात जाऊन कुलपाशी उभी राहील आणि किल्ली माझ्या खिशात.

मग दूरवरून कुणाचं तरी ओरडणं आलं.

“थांबवा म्हणते ना!” एवढ्या लांबून ऐकू आलं. आवाज नीलाबाईंचा नव्हता. लगेच कचकन ब्रेक लागले.

सर्व्हिस धापा टाकत मागं आली. मन्मथ ड्रायव्हर उतरला. “वकीलसाब, लई पळविली ना हिला? दोर हाय माझ्याकडं. पर सांगून ठिवतो, चढावर उतरून ढकलावं लागंल.”

दोर बांधला. प्रेमला आत्याकडं बघत उभी राहिली. अवधूत शेजारची जागा फडक्यानं पुसू लागला. नीलाबाईंनी सर्व्हिसकडं पाहिलं, लाल मोटारीकडं पाहिलं, मग वाकून दोराची गाठ ओढून बघितली.

“बस जा तिकडं,” त्या म्हणाल्या. “दोर माझ्याच मोटारीला हाय. म्हणजे मी सोबतच की! न्हाई का वो ड्रायव्हर?”

“हाव बाई, एकदम सोबत.”

प्रेमला रिकाम्या जागेवर बसली. मोटार निघाली, इंजिनाचा आवाज न करता, हलत डुलत. बराच वेळ दोघंही दोराकडंच बघत होती.

“इंजिन बंद असलं तरी भोंगा वाजतो का?” तिनं विचारलं. ह्या वेळी मधे कुणी नव्हतं.

“वाजतो. रबरी आहे.”

“मग वाजवा की.”

त्यानं भोंगा तिच्याकडं केला. प्रेमलानं दोन्ही हातांनी तो असा काही पिळला, की पुढच्या सर्व्हिसच्या खिडकीतून नीलाबाईंचं डोकं झटकन बाहेर आलं.